‘ब्रेक निकामी’ म्हणजे नेमकं काय तुटलं, ते पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात घाटातली एक बातमी आली, जुनी गाडी, उतारावर ब्रेक निकामी झाले, कठड्याला जाऊन आदळली, नशीब म्हणून कोणी दगावलं नाही. बातमी चार ओळींची होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की ‘ब्रेक निकामी झाले’ इथे येऊन सगळेच थांबतात, पेपरवाले थांबतात, पोलीस थांबतात, गाडीवाला पण थांबतो आणि देवाला नारळ देऊन मोकळा होतो. ब्रेक आपोआप निकामी होत नाहीत हो. काहीतरी सुटलेलं असतं, तुटलेलं असतं नाहीतर गंजून भोक पडलेलं असतं, फक्त ते बघायला कोणीतरी पाच मिनिटं गाडीखाली आडवं व्हायला लागतं.

माझं रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ टर्निंगचं दुकान आहे. कामं बहुतेक ट्रॉलरची, शाफ्ट, बुश, पंपाचे पार्ट वगैरे, पण आपल्या भागात जुन्या गाड्या सांभाळणारे बरेच आहेत, कोणाची वडिलांची फियाट, कोणाची अँबेसेडर, कोणाची जुनी जीप, आणि पार्ट बाजारात मिळेना झाला की गॅरेजवाला सांगतो, लेथवाल्याकडून बनवून घ्या. त्यामुळे ब्रेकचे नट, युनियन, टी (पाइपा एकमेकींना जोडायचे तुकडे) असलं सगळं माझ्या टेबलावर येतं, आणि त्यातलं काही बघून पोटात गोळा येतो. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांब होणार आहे, कापायचं तर कापा पण फेरूलचा भाग तेवढा कापू नका.

एक गृहस्थ आले होते, फियाटवाले. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पाइप मधेच गंजली, गॅरेजवाल्याने गंजलेला वीतभर तुकडा कापून काढला, तिथे फ्रिजची तांब्याची नळी घातली आणि दोन्ही टोकांना पितळेचे फेरूलवाले जॉइंट लावले, वरून टेफ्लॉन टेप. आता त्यातल्या एका नटाचे कान गोल झाले म्हणून तसाच नवीन नट बनवून पाहिजे होता, म्हणून तो सगळा तुकडा काढून रद्दीत गुंडाळून आणलेला (रद्दी तुमच्याच पेपरची होती). मी जॉइंट खोलला. फेरूल म्हणजे ती पितळेची बारीक अंगठी, नट आवळला की पाइपवर चावून बसते. ती जिथे चावली होती तिथून पाइपच्या टोकाकडे एक चकचकीत ओरखडा गेलेला, दोनेक मिमीचा. म्हणजे पाइप फेरूलमधून सरकत बाहेर निघत होती. ह्याच जॉइंटवर गाडी कालपर्यंत बाजारात फिरत होती, घरची माणसं बसवून. मी नट बनवून दिला नाही. त्यांना राग आला, म्हणाले एवढ्याशा नटाला काय होतंय, ऑइलचं टिपूस पण नाही त्यातून. टिपूस नाही हे खरं होतं. फेरूलचा जॉइंट आधी गळेलच असं नाही, एकदम सुटू शकतो, म्हणूनच तर भीती.

प्रेशर किती असतं त्याचा हिशोब करू, कागद-पेन्सिल पुरे. माणूस घाबरून पेडलवर पाय देतो तेव्हा ४० किलोचा जोर सहज पडतो, पेडलचा दांडा तो साधारण पाचपट करतो, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल पाइपमधे ढकलणारं नळकांडं) पिस्टनवर २०० किलो. पिस्टन पाऊण इंची धरला तर त्याचं तोंड २.८५ चौरस सेंटिमीटर, भागाकार केला की पाइपमधे प्रेशर आलं दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो. जोरात हाणला ब्रेक तर १०० च्या वर जातं. आणि गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली नळाला येणारं पाणी किती, तर १ किलो. गाडीच्या टायरातली हवा २ किलो. नळाचा, गॅसचा, पाण्याच्या पंपाचा जॉइंट ब्रेकला लावू नका असं मी सांगतो ते ह्या आकड्यांमुळे, मला कोणा प्लंबरशी वैर नाही.

ब्रेकच्या पाइपला फ्लेअर मारतात, म्हणजे पाइपचंच तोंड फुलवतात, आणि ते फुललेलं तोंड नट आणि भोकातली सीट (टेकायची जागा) ह्यांच्या मधे दाबलं जातं. पाइप ओढली तरी बाहेर येत नाही कारण तोंड नटाच्या भोकापेक्षा मोठं असतं, यायचं तर धातू फाटूनच यावं लागेल. फेरूलमधे तसं काही नाही, नुसती चाव्याची पकड. स्थिर प्रेशरला ती पुरते, पण ब्रेकला प्रेशर शंभरदा येतं आणि शंभरदा जातं, त्यात आपले रस्ते, हादरे, वर पाइप गरम-थंड होते. ऑइलच्या ब्रेकच्या पाइपला असा फेरूल-जॉइंट लावूच नये, पण आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो म्हणून तोच पहिला हाताला लागतो.

टेफ्लॉन टेपचं पण एकदा सांगून टाकतो. फ्लेअरच्या जॉइंटमधे सील आट्यांत (नटावरच्या पेचांत) होत नाही, फ्लेअर आणि सीट जिथे टेकतात तिथे होतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. त्यामुळे टेप, सफेदा, शेलॅक काहीही लावलं तरी गळती थांबत नाही, नुसती लपते, आणि टेपचा तुकडा सुटून मास्टर सिलिंडरच्या बारीक भोकात बसला की पाय काढल्यावर पण ब्रेक सुटत नाही, ड्रम तापून वास सुटतो तेव्हा कळतं.

आता आटे. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अँबेसेडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. जीप अमेरिकन. ह्या दोन्ही इंची घराण्यातल्या. फियाट इटालियन, म्हणजे मिलीमीटरवाली. कागदावर एवढं सोपं आहे. पण पन्नास वर्षांत कोणत्या गाडीत कोणी कुठला मास्टर बसवला, कुठल्या भंगारातला टी लावला, हे गाडीच्या मालकाला पण माहीत नसतं. फियाटला जीपचा टी मी बघितलाय, अँबेसेडरमधे मारुतीचे पार्ट तर घरोघरी. त्यामुळे ‘फियाटचा ब्रेक नट द्या’ असं दुकानात जाऊन मागणं म्हणजे अर्धीच माहिती. एकाच पाइपच्या एका टोकाला इंची नट आणि दुसऱ्या टोकाला मिलीमीटरचा लागू शकतो आणि त्यात काही चूक नाही, जसं भोक तसा नट.

नेहमीची पाइप दीड सुती, म्हणजे ३/१६ इंच. तिच्यावरचा इंची नट तीन सुती, इंचाला २४ आटे, बाहेरून साडेनऊ मिमी. मिलीमीटरचा नट एम १०, एक मिमीचा आटा, बाहेरून १० मिमी. टेबलावर शेजारी ठेवले तर चष्मा लावून पण फरक दिसत नाही, आट्यातला फरक तर मिलीमीटरच्या सतराव्या भागाएवढा. तीन सुती नट एम १० च्या भोकात हाताने मस्त जातो, किंचित डुगडुगतो, पाना मारला की घट्ट झाल्यासारखा वाटतो, गॅरेजवाला म्हणतो झालं काम. खरं तर दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी जागा मोकळी राहिलेली असते, आट्यांची जवळजवळ निम्मी पकडच नसते. एअर (पाइपमधली हवा) काढताना हळूहळू पेडल मारतात तेव्हा टिकतं. ज्या दिवशी पोरगं आडवं येतं आणि सगळा जीव एकवटून पाय दिला जातो त्या दिवशी आटे सोलून नट बाहेर. उलट्या बाजूने एम १० चा नट तीन सुतीच्या भोकात जातच नाही, पण लांब पाना लावून घुसवणारे बहाद्दर आहेत, ते भोकात स्वतःचे नवीन आटे पाडतात आणि चांगला मास्टर भंगारात घालवतात.

म्हणून नट घ्यायला जाताना जुना नट खिशात पाहिजे, आणि तो पण खरा त्याच भोकाचा आहे का ते बघून. व्हर्निअरने बाहेरचं माप घ्या, थ्रेड गेजची पाती लावून आटा बघा, उजेडाला धरून फट दिसते का बघा. गेज महाग नसतं, कुठल्याही लेथवाल्याकडे असतं, चहा पाजलात तर तो फुकट बघून देईल. बसवताना नट बोटांनीच शेवटपर्यंत गेला पाहिजे, न डुगडुगता आणि न अडता, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. आणि पाना म्हणजे साधा डबल एंड पाना नव्हे, ब्रेक नटाचा खाचेचा पाना मिळतो, रिंग पान्याला पाइप जाण्यापुरती खाच मारलेला, तो घ्या. वर त्या फियाटवाल्याच्या नटाचे कान गोल झाले ते साध्या पान्यानेच.

नटाची लांबी पण बघा. नट लांब असेल तर कधी फ्लेअर दाबायच्या आधीच भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो पण आत पाइप सैलच. मग गळतं, मग अजून आवळतात, मग नट मोडतो आणि अर्धा आत राहतो, मग ते सगळं माझ्याकडे येतं. धंदा होतो माझा, पण नको असला धंदा.

फ्लेअर दोन जातीचा असतो. एक डबल फ्लेअर, तोंड फुलवून परत आत दुमडलेलं, आतून वाटीसारखं, ते सीटच्या उंच टोकावर बसतं. दुसरा बबल, बाहेरून गोल फुगीर, तो खोलगट सीटमधे बसतो. इंग्लिश गाड्यांत तर एकाच पाइपच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा असं पण सापडतं, त्यामुळे जुनी पाइप फेकायच्या आधी दोन्ही तोंडं बघून घ्या, फोटो काढा. उलटसुलट बसवलं तर आवळून आवळून एखाद वेळेस गळती थांबते पण तोंडाला चीर जाते. भोकात टॉर्च मारा, मधे टेकडी दिसली तर डबल, खड्डा दिसला तर बबल, एवढं साधं आहे. फ्रिजवाले मारतात तो एकेरी फ्लेअर ह्या दोन्हीत चालत नाही, त्याला चाकाजवळ पण आणू नका. आणि अॅडॉप्टरला अॅडॉप्टर लावून माप जुळवणं हा प्रकार तर मला समजतच नाही, प्रत्येक जास्तीचा जॉइंट म्हणजे गळायची एक जास्तीची जागा. त्यापेक्षा पाइप नवीन टाका, भोकाला लागतो तो नट घाला, लागतो तो फ्लेअर मारा. (नट आधी घालायचा, फ्लेअर नंतर मारायचा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण गॅरेजमधे उभं राहून बघा.)

पाइप कसली घ्यायची ह्यावर मात्र आपल्या समुद्राकाठच्या लोकांनी पुण्या-कोल्हापूरच्या लोकांचं ऐकू नये. मूळ पाइप दुहेरी गुंडाळीच्या पोलादाची असते, वर मुलामा, तिकडे कोरड्या हवेत ती तीस वर्षं टिकेल. इथे खारा वारा, चार महिने पाऊस, लाल माती. पाइप मोकळ्या जागी तेवढी गंजत नाही, जिथे क्लिपने चॅसीला धरलेली असते तिथे आत माती आणि मीठ साचून ओलं राहतं आणि तिथे खालच्या बाजूने पोखरते, वरून रंग शाबूत. क्लिप उचकटून बघितल्याशिवाय दिसत नाही. त्यात हल्ली गाडी पुळणीवर घालायची हौस, गुहागर, काशीद, हर्णै, कुठेही बघा, रील काढायची आणि तसंच घरी जायचं, खालून गोडं पाणी मारायचं नाव नाही. जयगड-तवसाळच्या फेरीबोटीने रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पण खालून धुवायची सवय ठेवावी, उन्हाळ्यात पण.

नुसतं तांबं गंजत नाही म्हणून लोक तांब्याकडे वळतात. पण तांबं हादऱ्याने कडक होत जातं आणि नटाच्या मागे, फ्लेअरच्या मानेशी चीर पडते. स्टेनलेस स्टील दिसायला झकास, पण त्याला डबल फ्लेअर नीट मारणं भल्याभल्यांना जमत नाही, कडक असल्यामुळे सीटवर बसत नाही, आणि खाऱ्या हवेत क्लिपखाली त्याला पण टोचे पडतात. मी सांगेन कुप्रोनिकेल घ्या, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल, तांब्यापेक्षा फिकट दिसतं. हाताने वळतं, फ्लेअर छान बसतो, आणि मिठाला दाद देत नाही. जहाजांमधे समुद्राचं पाणी फिरवायच्या पाइपा ह्याच मिश्रधातूच्या असतात, बंदरावर काम करणाऱ्याला हे नवीन नाही. फक्त घेताना ब्रेकची म्हणून विकली जाणारी, दीड सुती, पाव इंची नव्हे, आणि बिल घेऊन घ्या, कारण तांब्याची नळी कुप्रोनिकेल म्हणून खपवणारे पण आहेत. कापायची ती पाइप कटरने, हॅक्सॉने कापलेल्याचा कीस आत राहतो आणि सिलिंडरचे रबर खातो. चाकाजवळचे रबरी होज पाइप बदलायचेच, बाहेरून चांगले दिसले तरी, आतून फुगून बंद होतात, आणि होजच्या बोल्टखाली तांब्याचे वायसर दर वेळी नवीन. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, नवीन डॉट ३ जातीचं ऑइल उकळतं २०५ डिग्रीला आणि पाणी प्यायलेलं १४० लाच, घाटात ड्रम तापल्यावर हा फरक जिवाशी येतो, तेव्हा दोन वर्षांनी तरी बदला, कोकणात त्या आधीच.

हे सगळं जुन्या गाडीलाच एवढं का, तर त्या काळच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी. चारही चाकं एकाच लायनीवर. कुठलाही एक नट सुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल फळीला टेकतं. नवीन गाड्यांत दोन लायनी असतात, एक गेली तरी दुसरीवर गाडी उभी राहते, अमेरिकेत तर १९६८ पासून ते सक्तीचं आहे. तेव्हा जुनी गाडी ठेवायची तर तिचा हँडब्रेक आधी चांगला ठेवा, तो वेगळ्या तारेवर असतो, शेवटी तोच हाताशी राहतो.

काम झाल्यावर गाडी सुरू करून लगेच पळवू नका. गाडी उभी असताना पेडल पूर्ण ताकदीने दाबा आणि एक मिनिट तसंच धरून ठेवा, दुसऱ्या माणसाला खाली घालून प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर टेकवायला सांगा. पेडल हळूहळू खाली गेलं किंवा कागद ओला झाला की काम परत.

सरकारने २०२१ मधे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, ‘व्हीए’ची नंबरप्लेट मिळते, चांगली गोष्ट आहे. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाड्या दर पाच वर्षांनी पासिंगला न्याव्याच लागतात. पण तिथे ब्रेक लागतो का एवढं बघतात. फेरूलवाला जॉइंट असला तरी ब्रेक त्या दिवशी लागतोच, मी वर सांगितलं तसं. खाली वाकून नट बघायला पाहिजे, आणि आयटीआयमधे मोटार मेकॅनिकच्या पोरांना दोन्ही जातीचे फ्लेअर स्वतःच्या हाताने मारायला लावले पाहिजेत, आमच्याकडे येणाऱ्या कित्येक पोरांनी ते टूल हातात धरलेलं नसतं. गॅरेजवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, ग्राहकच सांगतो, जाऊदे रे, तेवढं भागव, काय होत नाय.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराला सांगा की मेकॅनिकला फोन करून विचार, कुठून सुटलं, पाइप फाटली की नट निघाला की होज गेला. एक ओळ वाढेल बातमीत. ती ओळ वाचून दहा जण आपली गाडी वर उचलून बघतील.

आता गणपती जवळ आले, मुंबईवरून पोरंबाळं येतील आणि पडवीत ताडपत्रीखाली वर्षभर उभी असलेली आजोबांची गाडी बाहेर काढायचा बेत ठरेल. नुसती बॅटरी चार्ज करून काढू नका. रत्नागिरीच्या आसपास असाल आणि नटाच्या मापाची शंका असेल तर दुकानात या, गेज लावून बघून देतो, पैसे घेत नाही. मोबाइलवरचा फोटो आणू नका, फोटोत आटे मोजता येत नाहीत, नट सोडवून आणा. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी दुकान बंद असतं.

आपला,
एक लेथवाला वाचक, रत्नागिरी